ओवाळणीला मुदत असते काय?

दिवाळीचा चिवडा खवट होतो, अनारसे मऊ पडतात, लाडवांना वास येतो. हे सर्व आपणांस ठाऊक आहे. पण रोख मोजलेले दोन हजार रुपयेही विटतात, हे ज्ञान मला नुकतेच झाले!

आमच्या रिद्धपुरातल्या माझ्या भाचीला तिच्या भावाने भाऊबिजेला तबकात नोट न घालता एका दुकानाचे गिफ्ट कार्ड घातले. पाकीट मोठे देखणे, वर पणतीचे चित्र. दुकान अमरावतीस. घरी संत्र्याचा बहार, पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचे दुखणे. बाईला सवड झाली ती तेरा महिन्यांनी. दुकानातला मनुष्य कार्ड यंत्राला दाखवून म्हणाला, "ताई, याची मुदत संपली. मागे लिहिलेलंच आहे." लिहिलेले खरेच होते, खसखशीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

मी विचारतो, संपले काय? माल नासला म्हणावे, तर माल दिलाच नव्हता. पैसे मात्र पहिल्याच दिवशी गल्ल्यात पडले आणि तेरा महिने बिनव्याजी वापरले गेले. गावच्या वाण्याकडे कोणी शंभर रुपये आगाऊ ठेवून वर्षभर फिरकला नाही, तर वाणी वही उघडून माल देतो. "तुमचे पैसे शिळे झाले" म्हणेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ओट्यावर माशीही बसणार नाही. पोचती न झालेली मनीऑर्डर धाडणाराकडे परत येत असे. बँकेतली ठेव दहा वर्षे बेवारस पडली, तर २०१४ च्या योजनेनुसार ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि तरीही खातेदार वा वारस केव्हाही मागू शकतो. मग ओवाळणीनेच काय घोडे मारले आहे?

व्यापारी म्हणतात, हिशेब जन्मभर उघडे ठेवायचे की काय? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००७ सालीच अशा कार्डांची मुदत बहुतांशी रद्द केली. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने निदान पाच वर्षे दिली; २०१९ साली आयर्लंडने पाच आणि ऑस्ट्रेलियाने तीन. तिथले दुकानदार झोळी घेऊन फिरत असल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे गंमत अशी की बँकेच्या कार्डाला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे किमान एक वर्षाची मुदत, ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत सूचना, तीही ग्राहकाने सांगितलेल्या भाषेत. उरलेली रक्कम मुदतीनंतर तीन वर्षे तरी नफ्यात ओढता येत नाही. ग्राहकाने मागितली तर बँकखात्यात परत द्यावी लागते. परंतु दुकानाने केवळ स्वतःच्या मालासाठी काढलेले कार्ड या कुंपणाबाहेर! म्हणजे ज्याचे दार सताड उघडे, त्यालाच राखणदार नाही. हे कुंपण वाढवावे, एवढीच माझी मागणी. ती अवाजवी आहे असे ज्यास वाटेल, त्याने आपल्या खिशातले दोन हजार मला देऊन वर्षभर थांबावे.

आणि भाषेचे काय? ज्या रिद्धपुरात तेराव्या शतकात महानुभावांनी साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत गद्य लिहिले, जिथे २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले, तिथल्या बाईच्या हक्काचा निकाल तिला वाचता न येणाऱ्या बारीक टायपात लागावा? पणतीचे चित्र मोठे छापता येते, मग तारीख का येत नाही?

भाची गप्प बसणार होती. "दोन हजारांसाठी कुठे भांडायचं, मामा?" याच वाक्यावर तर हा धंदा चालतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही लागत नाही. १९१५ या क्रमांकावर आधी फोन करता येतो. मात्र आयोगाकडे जायचे तर दोन वर्षांच्या आत गेले पाहिजे. मुदत इथेही आहेच!

तिचा अर्ज मी लिहून दिला आहे, मराठीत आणि ठसठशीत अक्षरांत. भाऊबिजेनंतर ती अमरावतीस जाऊन तो दाखल करील. वाचकहो, फराळाचे डबे काढताना कपाटातली जुनी पाकिटेही काढा आणि उजेडात मागची बाजू वाचून पाहा.