पेशींना प्रकाशाची हाक

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जाहीर केलेल्या शोधामुळे दरवर्षी त्या तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. पदार्थातून विखुरलेला प्रकाश रेणूंची ओळख पटवतो, हे त्यांनी दाखवून दिले. आता प्रकाशाकडून आणखी मोठे काम करून घेतले जात आहे, जिवंत पेशींच्या संवादात शब्द टाकण्याचे.

पेशी एकमेकींना रसायनांतून आणि विद्युत स्पंदांतून निरोप धाडतात. यातली रसायने प्रकाशाच्या इशाऱ्यावर सोडायला अॅझोबेंझीनचा रेणू कामी येतो. तो अतिनील प्रकाशात वाकतो, निळ्या प्रकाशात सरळ होतो. तो पॉलिमरच्या साखळीत ओवला, की त्यापासून बनलेल्या जेलची वीण सैल-घट्ट करता येते आणि आत दडवलेले रसायन हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी सोडता येते. अशा प्रतिसाद देणाऱ्या जेलवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांनी पूर्वीच पाया घातला आहे.

विद्युत स्पंदांच्या बाबतीत बंगळूरचे प्रा. के. एस. नारायण आणि सहकाऱ्यांचा २०१४मधला प्रयोग तर थक्क करतो. कोंबडीच्या भ्रूणातले दृष्टिपटल त्यांनी अशा वयात घेतले, जेव्हा त्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी तयारच झालेल्या नव्हत्या. म्हणजे ते आंधळे. अर्धवाहक पॉलिमरच्या थरावर ते ठेवून प्रकाश पाडला आणि त्यातल्या चेतापेशी स्पंदू लागल्या!

यातून माणसाला दृष्टी मिळायला मात्र वेळ आहे. शिवाय अॅझोबेंझीनला लागणारे अतिनील किरण पेशींना इजा करतात. मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहा, मांसातून लालच प्रकाश पार येतो. त्या लाल प्रकाशाला साद देणारे रेणू घडवणे, हेच खरे अवघड काम.

हे छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीने का मनावर घ्यावे? कारण पॉलिमर ही इथली रोजीरोटी आहे. इथल्या एमआयडीसीत वेष्टनाची फिल्म बनते. तिच्या जाडीचे मायक्रॉन कामगारांना तोंडपाठ असतात. शहरात प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी ‘सिपेट’ ही संस्था आहे, विद्यापीठ आहे, घाटी रुग्णालय आहे. पॉलिमर जाणणारा, पेशी जाणणारा आणि रुग्ण जाणणारा एका टेबलाशी बसला पाहिजे. इथल्या ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीत कारखान्यांना भूखंड मिळतात, तसा एक या तिघांच्या सामायिक प्रयोगशाळेलाही मिळावा. पेशीसंवर्धनाची निर्जंतुक खोली, एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि लाल एलईडीचे दिवे, एवढ्यावर पहिली तुकडी कामाला लागू शकेल.