एका पोस्टपायी
अणदूरचा खंडोबा वर्षातले सव्वादहा महिने अणदुरात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला असतो. मूर्ती एकच, दोन्ही गावांचे मानकरी समोरासमोर बसून देव नेण्या-आणण्याचा लेखी करार करतात. अशा मुलखात आज पुढाऱ्यावरच्या एका पोस्टपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, लग्नाची पत्रिका शेजारच्या घरी जात नाही. २०१२मध्ये पालघरला एकीनं एका पुढाऱ्याच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५मध्ये रद्द केलं. कलम रद्द होतं, तुटलेलं नातं कुठलंही न्यायालय जोडून देत नाही. पुढारी उद्या पक्ष बदलतील. अडीनडीला धावून येणार तो शेजारीच. पटत नसेल तर त्याच्या ओट्यावर जाऊन, चहा घेत भांडा.