मुंबई–नागपूर : 685 किलोमीटर, दीड तास

मुंबई आणि नागपूर या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर आहे. वैमानिकांच्या हिशेबात ते साधारण 370 सागरी मैल होते. रेल्वेने मात्र नागपूर 837 किलोमीटर पडते. लोहमार्ग कसारा घाट चढून मनमाड, जळगाव, भुसावळ असा उत्तरेला झुकतो आणि अकोला, बडनेरा, वर्धा करत नागपूर गाठतो. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हवाई रेषेच्या बराच जवळून जातो. तो भिवंडीजवळ आमणे येथे संपतो. तिथून मुंबईत शिरण्याचा वेळ वेगळा धरावा लागतो.

जेट विमान उंचीवर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडते. त्या वेगाने नागपूर पाऊण तासापेक्षा थोड्या अधिक वेळात यायला हवे, पण वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो. हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा असतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुधा एकीवरूनच काम चालते आणि विमाने रांगेत उभी राहतात. उड्डाणही बहुतेक वेळा पश्चिमेला, समुद्राच्या दिशेने होते; नागपूर पूर्वेला असल्याने पुढे वळसा आलाच. मग चढण, आणि नागपूरच्या साधारण 200 किलोमीटर अलीकडेच उतरण सुरू. पूर्ण वेगाने उडायला मधला थोडाच टप्पा उरतो. दिल्ली मुंबईहून सुमारे 1,140 किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या दीडपटीहून अधिक दूर आहे; तरी वेळ जेमतेम पाऊण तासानेच वाढतो, तो याच कारणाने.

हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात, परतताना समोरून येतात. एवढ्या अंतरात फरक काही मिनिटांचाच पडतो. मुंबई–कोलकाता मार्गावर मात्र तो वेळापत्रकातही दिसतो.

नागपूरच्या मध्यवर्ती जागेचा सर्वांत सुंदर उपयोग टपाल खात्याने केला. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचे मोल इतके नेमके क्वचितच कुणी वापरले असेल.

प्रवाशाने मात्र दीड तासावर विसंबू नये. घर ते विमानतळ, तपासणी, सामानाची वाट पाहणे हे सारे धरले, तर उपनगरातल्या माणसाचे पाच तास सहज जातात. रात्री मुंबईहून नागपूरला सुटणारी दुरांतो जास्त तास घेते, पण त्यातले बरेचसे झोपेचे असतात. नागपुरात काम असेल, तर आधी तिचे आरक्षण मिळते का ते पाहावे.