इंग्रजीच्या वर्गातील इतिहास

पदवीसाठी ‘इंग्रजी’ हा मुख्य विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याकडे आपला समाज दोन दृष्टींनी पाहतो. पालकांना ती नोकरीची शिडी वाटते. स्वभाषाभिमानी मंडळींना तो मेकॉलेच्या कारखान्यातून बाहेर पडणारा आणखी एक नग वाटतो. या विद्यार्थ्याचा इतिहासाशी काही संबंध असेल, असे मात्र दोघांपैकी कोणालाच वाटत नाही.

वस्तुस्थिती वेगळी आहे. शाळेनंतर इतिहास सोडून दिलेला हा विद्यार्थी पदवीच्या तीन-चार वर्षांत इतिहासच वाचत असतो. शेक्सपिअर शिकताना एलिझाबेथ राणीचा काळ, मिल्टन शिकताना १६४२चे इंग्लंडमधील यादवी युद्ध, वर्ड्स्वर्थ शिकताना १७८९ची फ्रेंच राज्यक्रांती आणि डिकन्स शिकताना औद्योगिक क्रांती त्याच्यासमोर येते. या सर्वांना अभ्यासक्रमात ‘पार्श्वभूमी’ असे नाव आहे. पार्श्वभूमी म्हणून आलेला इतिहास तपासला जात नाही. तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि मनात मात्र कायमचा मुरतो. इंग्रजीच्या वर्गातून नकळत मिळणारा हा इतिहास डोळसपणे घ्यायचा की डोळे मिटून, हा खरा प्रश्न आहे.

विषयाचाच इतिहास

डोळसपणाची सुरुवात त्या विषयाच्या जन्मकथेपासून झाली पाहिजे. १८१३च्या सनदी कायद्याने कंपनी सरकारवर हिंदुस्थानातील शिक्षणासाठी दरवर्षी एक लाख रुपये खर्च करण्याचे बंधन घातले. हा पैसा संस्कृत-अरबी विद्यांवर खर्चावा की इंग्रजीवर, हा वाद दोन दशके चालला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले टिपण सादर केले आणि ७ मार्च रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने कौल दिला. एवढी कथा सर्वांना ठाऊक असते.

तिचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली निघाली आणि त्यांच्या परीक्षांत इंग्रजी वाङ्मयाला मानाचे स्थान मिळाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन १८२८ पासून होत असले, तरी ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी सुरू व्हायला १८९४ साल उजाडले; केंब्रिजला त्यासाठी १९१७ पर्यंत थांबावे लागले. त्या विद्यापीठांत तोवर ग्रीक-लॅटिनचे राज्य होते. स्वतःच्या श्रेष्ठ विद्यापीठांत जे वाङ्मय पदवीयोग्य मानले जात नव्हते, ते जित प्रजेच्या मुलांना मात्र आवर्जून शिकविले जात होते! गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या १९८९ सालच्या ग्रंथात या धोरणाची साधार छाननी केली आहे. धर्मप्रचार उघडपणे करणे अडचणीचे असलेल्या सत्तेने नीती आणि निष्ठा शिकविण्याचे काम साहित्याकडे सोपविले, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. इंग्रजीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पहिल्याच सत्रात कळायला हवे.

इंग्रजीचे पारतंत्र्य

या विद्यार्थ्याला दुसरा मोठा धडा मिळतो तो भाषेच्या इतिहासातून. आज जगावर स्वार झालेली इंग्रजी एके काळी आपल्याच घरात परकी होती. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे सुमारे तीन शतके दरबारची व सरदारांची भाषा फ्रेंच राहिली. इंग्रजी ही कुळांची आणि चाकरांची बोली ठरली. गोठ्यातल्या बैलाला इंग्रजी नाव राहिले आणि धन्याच्या ताटातल्या त्याच्याच मांसाला फ्रेंच नाव मिळाले. न्यायालयांतील वाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा १३६२ साली झाला. गंमत म्हणजे तो कायदाच फ्रेंच भाषेत लिहिलेला होता! त्यानंतरच्या काही दशकांत चॉसरने आपले थोर काव्य लोकभाषेत रचले आणि इंग्रजीची मान ताठ झाली.

हे वाचणाऱ्या मराठी मुलाला ‘राज्यव्यवहारकोश’ आठवला पाहिजे. शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध करविलेल्या या कोशात राजव्यवहारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती झाला तो याच दृष्टीतून. राज्य स्वतःचे झाले की त्याची भाषाही स्वतःची असावी, ही जाण दोन्हीकडे सारखीच दिसते. स्वभाषेचा आग्रह म्हणजे संकुचितपणा, असे ज्याला वर्गाबाहेर सतत ऐकविले जाते, त्याला इंग्रजी भाषेचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. मात्र ही तुलना त्याच्यासमोर मांडणारा शिक्षक हवा.

नाटकातला औरंगजेब

इतिहास साहित्यात शिरताना त्याचे काय होते, याचे एक उदाहरण मोठे उद्बोधक आहे. जॉन ड्रायडन हा सतराव्या शतकातील इंग्लंडचा राजकवी. नोव्हेंबर १६७५ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याचे ‘औरंगजेब’ हे पद्यनाटक आले. तेव्हा औरंगजेब जिवंत होता, राज्य करीत होता. फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने मोगल दरबाराविषयी लिहिलेले वृत्त नुकतेच इंग्रजीत आले होते आणि ड्रायडनने त्याचा आधार घेतला होता.

नाटक घडते १६६० सालच्या आग्र्यात. त्यातला औरंगजेब हा सद्गुणांचा पुतळा आहे. भाऊ बंड करतात. हा मात्र बापाच्या बाजूने लढतो. बाप अन्याय करतो, तरी याची निष्ठा ढळत नाही. अखेरीस वृद्ध बादशहा आपण होऊन राजमुकुट त्याच्या हाती देतो. प्रत्यक्षात औरंगजेबाने १६५८ सालीच शहाजहानला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले होते आणि १६६६ साली तो त्याच कैदेत मरण पावला. दाराचा शिरच्छेद १६५९ साली झाला होता. नाटकात मुरादची पत्नी पतीच्या चितेकडे निघते. मोगल शहजाद्याच्या बेगमेला सती जायला लावणाऱ्या नाटककाराला हिंदुस्थान म्हणजे एक रंगीत पडदा तेवढा हवा होता, हे यावरून दिसते. ज्या नोव्हेंबरात लंडनचे रसिक या औरंगजेबाच्या पितृभक्तीला दाद देत होते, त्याच नोव्हेंबरात दिल्लीत त्याच्या आज्ञेने गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला.

मग ड्रायडनला खोटारडा म्हणून हे नाटक फेकून द्यावे काय? तसे करणे सोपे आहे. परंतु त्यातून ज्ञान मिळत नाही. १६४९ साली इंग्लंडने आपल्या राजाचा शिरच्छेद केला होता आणि १६६० साली त्याच्या मुलाला परत बोलावून गादीवर बसविले होते. राजनिष्ठा आणि वारसाहक्क हे त्या दरबारी प्रेक्षकवर्गाचे जिव्हाळ्याचे विषय होते. म्हणजे हे नाटक आग्र्याचा इतिहास सांगत नाही. ते लंडनच्या मनाचा इतिहास सांगते. ज्याला हा भेद कळला, त्याला साहित्य आणि इतिहास यांचे नातेच कळले.

रायगडावरचा इंग्रज

ड्रायडनचे नाटक येण्याच्या आदल्या वर्षी, जून १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील तहाच्या बोलणीसाठी रायगडावर होता. शिवराज्याभिषेकाचे त्याने लिहिलेले वृत्त उपलब्ध आहे. सिंहासनाजवळील भाल्यांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखे, अश्वपुच्छे आणि न्यायाची निदर्शक सुवर्णतुला त्याने टिपली. इतक्या दुर्गम वाटेने हत्ती गडावर आणले कसे, याचे नवलही त्याने नोंदविले. एकाच भाषेतले, एकाच दशकातले हे दोन लेख. एकात कधीही न पाहिलेला हिंदुस्थान आहे, दुसऱ्यात समोर उभे राहून पाहिलेला. हे दोन्ही शेजारी ठेवून शिकविले, तर विद्यार्थ्याला साधनचिकित्सेचा वेगळा पाठ द्यावा लागणार नाही.

अर्थात ऑक्झिंडनही निःस्वार्थ नव्हता. तो कंपनीचा नोकर होता. याच कंपनीच्या वखारवाल्यांनी १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली होती आणि पुढच्याच वर्षी राजापूरची वखार लुटली गेली. त्यानंतरच्या इंग्रजी पत्रांत शिवरायांविषयी जो कडवटपणा आढळतो, त्याचे मूळ या व्यवहारात आहे. पत्र कोणी लिहिले, कोणाला लिहिले, त्यात काय लपविले, हे प्रश्न साहित्याचा विद्यार्थी कवितेला रोज विचारतो. तेच त्याने वखारीच्या पत्रांना विचारले की तो इतिहासाच्या अंगणात येतो.

किंबहुना तेथे त्याची गरज आहे. ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ हा पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली प्रसिद्ध केलेला संग्रह असो, वा ‘पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स’चे खंड असोत, मराठ्यांच्या इतिहासाची अमोल साधने त्या जुन्या इंग्रजीत आहेत. तिचे वर्णलेखन वेगळे, शब्दांचे अर्थ वेगळे, कालगणनाही वेगळी. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या स्वारीची इंग्रजी पत्रे जुन्या गणनेनुसार १६६३ सालातली ठरतात. सतराव्या शतकातले इंग्रजी वाङ्मय अभ्यासलेल्या विद्यार्थ्याला हे सहज उमगते. आजचे व्यवहारी इंग्रजी शिकलेला येथे अडखळतो.

शस्त्र त्यांचे, हात आपले

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचे मराठी भाषांतर पुढे शाळांतून वाचले जाऊ लागले. त्याची साधार चिकित्सा कोणी केली? १८६७च्या सुमारास डेक्कन कॉलेजात इंग्रजी विद्या शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने! ‘निबंधमाला’कार विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी वाङ्मयात मुरलेले होते. जुनी काव्ये आणि बखरी उजेडात आणणारा ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ साली निघाला, त्यात त्यांचा हात होता. १८८० साली त्यांनी टिळकांसमवेत शाळा काढली, तिचे नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेल्या सावरकरांनी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात के आणि मॅलेसन यांचे ग्रंथ पालथे घातले आणि शत्रूच्याच कागदांतून १८५७चे स्वातंत्र्यसमर उभे केले. यांपैकी कोणीही इंग्रजीला घाबरून तिच्यापासून पळाले नाही, की तिच्यापुढे नतमस्तकही झाले नाही.

१८५७चाच विषय निघाला आहे, तर तेथेही इंग्रजी साहित्याचा एक आवाज नाही, हे पाहिले पाहिजे. दीनदुबळ्यांचा कैवारी म्हणून शिकविल्या जाणाऱ्या डिकन्सने ऑक्टोबर १८५७ मध्ये एका खासगी पत्रात, आपण हिंदुस्थानात सेनापती असतो तर ही जमातच नष्ट केली असती, अशा आशयाचे उद्गार काढले. टेनिसनने १८७९ साली लखनौच्या वेढ्यातील इंग्रज पक्षाचे शौर्य गायिले. परंतु त्याच काळात अर्नेस्ट जोन्स हा चार्टिस्ट कवी हिंदी जनतेच्या उठावाची बाजू घेत होता. त्याचे नाव अभ्यासक्रमांत क्वचितच भेटते. कोणाला शिकवायचे आणि कोणाला गाळायचे, हाही इतिहासच असतो.

एकच कसोटी

येथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले पाहिजे. ड्रायडनला जी कसोटी लावायची, तीच आपल्या वाङ्मयालाही लावली पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींतील चुका निष्ठुरपणे दाखविल्या. त्यांच्या स्वदेशभक्तीविषयी कोणी शंका घेईल काय? आज कादंबऱ्या आणि चित्रपट यांतील प्रसंग आपल्याकडे पुरावा म्हणून सांगितले जातात, तेव्हा राजवाड्यांचा तो करडेपणा आठवावा. परक्यांच्या असत्यावर बोट ठेवण्याचा अधिकार स्वतःच्या घरातील असत्य झाडून काढणाऱ्यालाच असतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला पदवी अभ्यासक्रमात जागा दिली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचा आनंद समारंभापुरता राहू नये, असे वाटत असेल, तर इंग्रजी विभागांकडे पाठ फिरवून चालणार नाही. तेथे ड्रायडनशेजारी ऑक्झिंडन वाचला जावा, चॉसरच्या तासाला राज्यव्यवहारकोशाचा उल्लेख व्हावा, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्याला एखादे जुने वखारीचे पत्र मराठी कागदाशी ताडून पाहायला द्यावे. यासाठी ना नव्या इमारती लागतात, ना मोठा निधी. मोडी शिकण्याची तयारी असलेला विद्यार्थी आणि दोन्ही भाषांचा अभिमान असलेला शिक्षक लागतो.

मेकॉलेला रक्ताने हिंदी आणि मताने इंग्रज असा वर्ग घडवायचा होता. त्याच्याच भाषेतून त्याचाच हिशेब तपासणारी पिढी तयार करणे, हे त्याला खरे उत्तर आहे. कीर्तने यांनी ते विद्यार्थिदशेत दिले होते. आजच्या विद्यार्थ्याजवळ साधने त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. त्यांना हात घालण्याची जिद्द तेवढी हवी.