‘मी जाऊन राह्यलो’ आणि इंग्रजीचा तास

सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. दर्यापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या प्राथमिक शाळेवरून दुपारी चालत गेलं की हा सूर ओळखीचा वाटतो. बाईंनी ओळ म्हणायची, वर्गाने ती उचलायची. आवाज खणखणीत, फळा भरलेला, वह्याही नीट उतरवलेल्या. आणि दहा वर्षं हाच सूर लावलेला मुलगा अमरावतीला कॉलेजात जातो, तेव्हा इंग्रजीत आपलं नाव आणि गाव सांगून झाल्यावर तिसऱ्या वाक्याला थांबतो. पोरगं हुशार असतं, मास्तरही कामचुकार नसतात. चूक पद्धतीत आहे, आणि ती दुरुस्त करता येण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पाचवीवरून थेट पहिलीत आली. त्याला आता पाव शतक झालं. या काळात वाद झाला तो मुख्यतः ‘कधीपासून’ याचाच. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निमित्ताने तोच वाद पुन्हा पेटला. १६ एप्रिलचा शासन निर्णय, १७ जूनचा सुधारित निर्णय, लोकांचा विरोध, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती. भाषा ‘कशी’ शिकवायची, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही.

‘लवकर सुरू केली की भाषा पक्की होते’ ही समजूत घरोघरी आहे. घरात, अंगणात, दिवसभर कानावर पडणाऱ्या भाषेबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. शाळेतल्या एका तासापुरत्या भेटणाऱ्या भाषेबाबत मात्र संशोधन वेगळं सांगतं. स्पेनमधल्या बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांच्या गटाने आठव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं अनेक वर्षं तपासली. तासिकांची संख्या सारखी धरल्यावर, अगदी ७२६ तासांनंतरही, बहुतेक चाचण्यांत उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती. त्या मुलांची पहिली भाषा तोवर वाचनालेखनात मुरलेली होती, आणि नव्या भाषेला टेकायला तीच भिंत मिळाली.

टोरांटोचे जिम कमिन्स हेच १९७९ पासून मांडत आले आहेत: पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेत उतरते. कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना मैदानावर बोलण्यापुरती इंग्रजी साधारण दोन वर्षांत येत होती, पण पुस्तकातली इंग्रजी पेलायला पाच ते सात वर्षं लागत होती. तीही चोहोबाजूंनी इंग्रजी असलेल्या देशात.

आता हे दर्यापूरला आणून पाहावं. इथल्या मुलाची पहिली भाषा कोणती? मराठी, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. पण तो घरी ‘मले’ म्हणतो, पुस्तकात ‘मला’ असतं. तो ‘शायेत’ जातो, पुस्तकातला राजू ‘शाळेत’ जातो. त्याच्या ‘डोयात’ कचरा जातो. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५ मध्ये इथल्या या वऱ्हाडी बोलीची नोंद घेतली. शाळेच्या लाल पेनाने मात्र तिची दखल चूक म्हणूनच घेतली. पहिलीतल्या पोराने भीत भीत तोंड उघडावं आणि पहिल्याच वाक्याला ‘असं नाही बोलायचं’ ऐकावं, हे जिथे घडतं तिथे पुढच्या भाषेची वाट तिथेच अडते. जो आपल्या भाषेत बोलायला लाजायला शिकला, तो परक्या भाषेत धीटपणे चुकणार कसा?

आणि गंमत पाहा, इंग्रजी शिकवायला वऱ्हाडी प्रमाण मराठीपेक्षा काही जागी जास्त उपयोगाची आहे. चालू वर्तमानकाळ घ्या. ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतला फरक पुण्याच्या मुलाला समजावताना मास्तरांना घाम फुटतो, कारण त्याच्या बोलण्यात ‘जातोय’ असलं तरी ‘जातो’ हेही पुष्कळदा दोन्हीकडे चालून जातं. वऱ्हाडातलं चार वर्षांचं लेकरूही हा भेद चोख पाळतं: ‘मी रोज वावरात जातो’, पण आत्ता, या क्षणी, ‘मी वावरात जाऊन राह्यलो’. ‘तो जेवून राह्यला’, ‘पाणी येऊन राह्यलं’. ‘ॲम गोइंग’ म्हणजेच ‘जाऊन राह्यलो’, एवढं फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं तर व्याकरणाचा अर्धा धडा तिथेच संपतो. ज्या रूपाला इथली शाळा गावंढळ ठरवत आली, तेच रूप इंग्रजीच्या दारापर्यंत नेणारा पूल आहे.

दर्यापूरहून अंजनगाव, परतवाडा करत वर मेळघाटात गेलं की हा प्रश्न कितीतरी खोल होतो. कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा गटातली, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली भाषा. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मुलाला मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. हरभरा सोंगायला, कापूस वेचायला ही कुटुंबं खाली सपाटीवर उतरतात, तेव्हा त्यांची मुलं आपल्या वर्गांत येऊन बसतात. ती गप्प असतात, आणि त्यांच्या गप्प बसण्याला ‘डोकं चालत नाही’ असं नाव दिलं जातं. हा अन्याय आहे, आणि रोज होतो आहे.

मग शिकवायचं कसं? सर्वांत ठोस उत्तर मिळालं ते फिजीच्या खेड्यांत. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग केला. मुलं नऊ ते अकरा वर्षांची. काही घरी फिजियन बोलणारी, काही हिंदी बोलणारी, म्हणजे उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्याच गिरमिटियांची पतवंडं. नेहमीचा वाक्यं घोकण्याचा तास काही वर्गांत बाजूला ठेवला आणि तिथे इंग्रजी गोष्टींची अडीचशे सचित्र पुस्तकं दिली. रोज काही वेळ वाचायचं, किंवा बाईंनी मोठं पुस्तक समोर धरून सगळ्यांबरोबर वाचायचं. वर्षअखेर या मुलांची वाचनातली प्रगती घोकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झाली होती, आणि दुसऱ्या वर्षी हा फायदा लेखन-व्याकरणातही दिसला. व्याकरणाचा वेगळा तास न घेता.

यामागचं गणित साधं आहे. पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार मजकूर आरामात समजायचा तर त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत. आपल्या सहावी-सातवीच्या मुलाला इंग्रजीच्या पुस्तकात पानोपानी दर ओळीला अडावं लागतं. तो वाचत नाही, उकलत बसतो. त्याला दोन इयत्ता खालची, सोपी, पण भरपूर पुस्तकं लागतात. एक जाड गाईड नव्हे.

दुसरं उत्तर आपल्याच देशातलं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रासच्या साध्या शाळांत व्याकरणाऐवजी मुलांपुढे कामं ठेवली: रेल्वेचं वेळापत्रक वाचून गाडी निवडा, नकाशा पाहून रस्ता सांगा. काम सोडवण्याच्या ओढीत भाषा वापरली जाई. दर्यापूरच्या वर्गाला यासाठी वेगळं साहित्य आणायला नको. एसटी स्टँडवरची अकोला, अमरावती, मूर्तिजापूर, अकोटच्या गाड्यांची वेळ आहे. बाजार समितीतले कापूस, तूर, हरभऱ्याचे भाव आहेत. कोणती गाडी आधी पोचेल, तुरीचा भाव कालपेक्षा किती चढला, हे मोडक्या इंग्रजीत सांगता येतं, आणि मोडकी इंग्रजी बोलल्याशिवाय सरळ इंग्रजी येत नाही. जीन, प्रेस, मोटर, पंप, स्प्रे, चार्जिंग हे शब्द तर पोरं घरूनच घेऊन आलेली असतात.

पाठांतराला मात्र सरसकट मोडीत काढू नये. ते कसं करायचं, एवढंच बदलायला हवं. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेचे चाळीस शब्द दिले. एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा आठवून सांगावा लागलेल्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. तो शब्द नुसता पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. त्याआधी १९९३ मध्ये हॅरी बाह्रिक यांनी बायको आणि दोन मुलींसह स्वतःवरच प्रयोग केला: तीनशे परभाषी शब्द, वर्षानुवर्षं. छप्पन्न छप्पन्न दिवसांच्या अंतराने केलेल्या तेरा उजळण्या चौदा दिवसांच्या अंतराने केलेल्या सव्वीस उजळण्यांच्या तोडीच्या ठरल्या. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकाच रात्री कोसळलेलं पाणी वाहून जातं, अंतराने आलेल्या सरी मुळाशी मुरतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातलं घोकणं हे वाहून जाणारं पाणी.

महाराष्ट्रात हे सगळं अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांनी फलटणला जाऊन यावं. १९६० च्या दशकात आलेल्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी प्रौढपणी मराठी शिकून फलटणच्या बोलीवर पीएचडी केली, आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभं केलं. शाळा मराठी माध्यमाची. मुलाची बोली आपली मानून वाचन पक्कं करायचं आणि त्या पायावर इंग्रजी चढवायची, ही तिथली रीत.

दर्यापुरात मात्र ओढा दुसरीकडे आहे. कापसाचे पैसे हाती आले की बाप पोराला इंग्रजी माध्यमात घालतो. त्यामागची माया आणि काळजी खरी आहे. पण केंब्रिजच्या इआंथी त्सिंप्ली यांच्या गटाने दिल्ली, हैदराबाद आणि पाटण्यातली अडीच हजारांवर मुलं अभ्यासली, तेव्हा पाटीवर इंग्रजी माध्यम असलेल्या सरकारी वर्गांतही मुलांच्या वाट्याला खरी इंग्रजी फारच कमी येत असल्याचं दिसलं. पाटी बदलली, तास तोच राहिला.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. या सत्रात दर्यापूर तालुक्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी एकच ठराव करावा: रंगरंगोटीआधी प्रत्येक वर्गात शंभर सोपी गोष्टींची पुस्तकं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, कुलपात न ठेवता पोरांच्या हाताला येतील अशी. आणि गुरुजी, बाई, तुम्हाला एक विनंती. पहिल्या दिवशी एखादं पोरगं उठून ‘मॅडम, तो मले मारून राह्यला’ म्हणालं, तर आधी त्याची तक्रार ऐका. मग त्याचंच वाक्य फळ्यावर लिहा आणि त्याखाली इंग्रजीत लिहा: ही इज हिटिंग मी.