नर्सिंगचे विद्यार्थी आणि संगणक : भीती की नाराजी?



बारावीनंतर आपल्याकडच्या कितीतरी मुली, आणि आता मुलंसुद्धा, एएनएम-जीएनएमला जातात. त्यातली काही आपल्याच वर्गात शिकून गेलेली. सुट्टीत भेटली की इंजेक्शन, ड्रेसिंग, बाळंतपण यावर भरभरून बोलतात. संगणकाचं विचारलं की मात्र, "मॅडम, आम्हाला पेशंट बघायचेत, कॉम्प्युटर कशाला?"

मोठी माणसं याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. दिवसभर मोबाईल चालवणारी ही मुलं स्क्रीनला घाबरतील कशी? त्यांचा राग दुहेरी कामावर आहे. प्रॅक्टिकलला उपकेंद्रात गेली की ती बघतात, सिस्टर आधी रजिस्टर भरतात, मग तीच माहिती पोर्टलवर भरतात. गरोदर मातेची नोंद आरसीएचवर, क्षयरुग्णाची नि-क्षयवर, शिवाय 14 अंकी आभा क्रमांक. रेंज नसेल तर तेच काम रात्री घरी. आपलं सरल आणि यू-डायस आठवा, म्हणजे त्यांचं दुखणं लगेच कळेल!

पण म्हणून संगणक नकोच, हेही चुकीचं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब घ्या. बाळाचा एक डोस गावात, पुढचा कारखान्यावर. लसीकरणाचं कार्ड पावसात भिजलं, हरवलं की सगळा अंदाजपंचे कारभार. यू-विनवर नोंद असेल तर देशात कुठेही पुढची लस घेता येते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की "कशाला?" हा प्रश्न मुलं विचारणार नाहीत. आणि नोंदी ठेवणं हे नर्सचं काम नाही असं कोण म्हणतं? फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी 1858 साली सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी रंगीत आकृतीत मांडून सरकारला दाखवलीच की. आपण मात्र मुलांना फक्त त्यांच्या हातातला दिवा सांगतो.

खरा धोका मला वेगळाच वाटतो. रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, मग बीपी न मोजताच 120/80 टाकून मोकळं व्हायचं. कागदावरही हे होतंच, पण पोर्टलवर ते जास्त खरं दिसतं. शिकणाऱ्या मुलांनी हा शॉर्टकट पाहिला की तेही तेच शिकणार.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या 2021 च्या बीएस्सी अभ्यासक्रमात आरोग्य माहितीशास्त्र हा विषय आला, हे चांगलं झालं. पण तो फळ्यावर शिकवून उपयोग नाही. एक्सेल शिकवायचंच तर वॉर्डातला तापाचा तक्ता भरायला लावा ना! आणि पोर्टल आलं तिथं रजिस्टर बंद करा, निदान कमी तरी करा.

आपल्या प्राथमिकच्या शिक्षकांचाही यात वाटा आहे बरं का. तक्ता वाचणं, मराठी टायपिंग आणि पाचवीतले दशांश अपूर्णांक. 0.5 मिली आणि 5 मिली यातला फरक कोणताही संगणक आपोआप समजावून देत नाही. शाळेतला संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीत कव्हर घालून ठेवला असेल, तर आधी तो वर्गात आणू या.