समुद्रावरील क्षितिज किती दूर?

सायंकाळीं समुद्रकांठीं सूर्यास्त पाहतांना मुलें एक प्रश्न हमखास विचारतात: ती पाण्याची रेघ येथून किती लांब आहे? वडील मंडळी बहुधा 'पुष्कळ लांब' असें सांगून मोकळीं होतात. कोणी पन्नास मैल म्हणतो, कोणी शंभर. खरें उत्तर इतकें लहान आहे कीं, तें ऐकून ऐकणारा हिरमुसतो. वाळूंत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे पाण्याच्या पातळीपासून सहा फूट उंच असतील, तर त्याचें क्षितिज अवघ्या तीन मैलांवर, म्हणजे पांच किलोमीटरांच्याही आंत असतें.

तेथें आपली दृष्टि संपते, अशी पुष्कळांची समजूत असते. पण जी दृष्टि सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर असलेल्या चंद्रावरचे डाग पाहूं शकते, तिनें तीन मैलांवर थकून जावें हें संभवत नाहीं. दृष्टि थकत नाहीं. पाणीच खालीं वळतें. दूर जाणाऱ्या गलबताचा आधीं तळ बुडतो, मग शीड, आणि शेवटीं डोलकाठीचें टोंक. दृष्टीचा दोष असता तर सर्व गलबत एकदमच बारीक होऊन नाहींसें झालें असतें. दुर्बीण लावली असतां लहान दिसणारें शीड मोठें दिसेल. बुडालेला तळ मात्र कांहीं केल्या वर यावयाचा नाहीं.

आमच्या ज्योतिषांना ही गोष्ट नवी नव्हती. पुराणांतील सपाट पृथ्वी व तिच्या भोंवतालचे सप्तसागर कथेच्या वेळीं ऐकावे. गणिताला बसल्यावर सिद्धान्तग्रंथ पृथ्वी गोलच मानतात. लल्लाचार्यांनीं आठव्या शतकाच्या सुमारास सपाटवाद्यांस उलट प्रश्न केला, कीं पृथ्वी जर सपाट, तर दूरचे उंच वृक्ष कां दिसत नाहींत? भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणींत, गोल पृथ्वी आपणांस सपाट कां भासते, ह्याचें कारण सांगितलें आहे: परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो, त्यांत पृथ्वी अतिविशाल आणि मनुष्य अगदीं क्षुद्र. आचार्यांनीं शंभरावा भाग धरला हें त्यांचें औदार्य म्हणावें लागेल. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला दिसणारें वर्तुळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहा मैलांचें, आणि पृथ्वीचा परिघ जवळजवळ २४,९०० मैल. म्हणजे चार हजारांवा हिस्साही पुरता वांट्याला येत नाहीं.

आतां हे तीन मैल आले कोठून, तें पाहूं. भूमितींत एक सिद्धान्त आहे. वर्तुळाबाहेरील बिंदूपासून एक स्पर्शरेषा व एक छेदिका काढली, तर स्पर्शरेषेवरील वर्ग हा सबंध छेदिका व तिचा बाहेरचा तुकडा ह्यांच्या गुणाकाराबरोबर असतो. येथें बाहेरचा तुकडा म्हणजे डोळ्यांची उंची, आणि सबंध छेदिका म्हणजे पृथ्वीचा व्यास, त्यांत ती नगण्य उंची मिळविलेली. व्यास ७,९१८ मैल. मैलाचे फूट ५,२८०. आणि ५,२८० ची दीडपट ७,९२०! ह्या योगायोगामुळें हिशेब तोंडी होतो. उंचीच्या फुटांची दीडपट करावी व वर्गमूळ काढावें. येईल तें उत्तर मैलांत. सहाची दीडपट नऊ, नवाचें मूळ तीन. फूट व मैल आतां व्यवहारांतून गेले हें खरें, पण ह्या एका हिशेबापुरते ते आम्हांस सोडवत नाहींत. मीटरच हवे असतील तर दीडीच्या जागीं पावणेतेरांनीं गुणावें. मूळ किलोमीटरांत येतें. शिवाय हवेंतून येतांना प्रकाशाचा किरण किंचित् वांकतो व एरवीं दिसलें नसतें तेंही थोडें दाखवितो. सर्वसाधारण हवेंत त्यामुळें क्षितिज सुमारें बाराव्या हिश्शानें लांबतें. तो भाग धरावयाचा असल्यास पावणेतेरांच्या ऐवजीं पंधरांनीं गुणावें.

वर्गमूळ आल्यामुळें उंचीचा लाभ कृपणासारखा हळूहळू मिळतो. अंतर दुप्पट व्हावयास उंची चौपट लागते. चोवीस फुटांवरून सहा मैल, शहाण्णव फुटांवरून बारा. खलाशी डोलकाठीवर चढून चोपन्न फुटांवर गेला कीं त्याला नऊ मैल दिसूं लागतात. पाहणारा व पाहिली जाणारी वस्तु दोन्ही उंच असतील तर दोहोंचीं अंतरें मिळवावीं. दिवा पाण्यापासून दीडशें फूट उंच असेल तर त्याचे पंधरा मैल व तांडेलाचे तीन, मिळून अठरा मैलांवर तो दिसूं लागेल. त्यापलीकडे दिवा कितीही तेजस्वी केला तरी त्याची ज्योत दिसावयाची नाहीं. मुंबईजवळचें प्रॉंग्जचें दीपगृह १८७५ सालीं उंच मनोऱ्यावर बांधलें, त्याचें मर्म ह्या हिशेबांत आहे.

हा हिशेब उलट बाजूनेंही करून पाहावा. पाण्यांत पडलेल्या मनुष्याचे डोळे पाण्यावर फार तर आठ इंच असतात. त्याची दीडपट एक फूट, मूळ एकच. म्हणजे समुद्र अगदीं शांत असतांही त्याचें क्षितिज एक मैल. फूटभर लाट आली कीं तीच त्याचें क्षितिज होते. मैलाच्या फार पलीकडची वाळू त्याला दिसत नाहीं, पण किनाऱ्यामागें सहाशें फुटांचा डोंगर असेल तर त्याचा माथा, हवा स्वच्छ असल्यास, तीस मैलांवरूनही वर डोकावतो. म्हणून कोळी लोक घरची वाट वाळूवरून नव्हे, डोंगरांच्या माथ्यांवरून ओळखतात. पावसाळ्यांत मात्र ढग हे माथेही झांकून टाकतात. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट अशाच दिवसांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. मुंबईचा किनारा थोड्याच मैलांवर होता, तरी तेथें ती बातमी पोंचावयास कित्येक तास लागले. लाटांत सांपडलेल्यांपैकीं कांहींना कोळ्यांच्या होड्यांनीं उचलून घेतलें. होडींत उभ्या असलेल्या मनुष्याचे डोळे पाण्यापासून सहा फुटांवर असतात.